चांदी किती, घडणावळ किती? पात्रांच्या नाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

सिनेमा, कॉमिक्स आणि कार्टूनमधल्या पात्रांच्या महागड्या नाण्यांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून हा सगळा भाग त्यांनाच दिला आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ‘स्टार वॉर्स’मधल्या एका पात्राचं एक औंस चांदीचं नाणं आहे. त्यावर ‘नीयुए’ आणि ‘२ डॉलर’ असं लिहिलंय. घरचे म्हणतात, हे खेळण्यातलं नाणं आहे. हे खरं चलन आहे का? आणि नीयुए नावाचा देश तरी आहे का?

देश आहे. दक्षिण प्रशांत महासागरातलं हे छोटं बेट आहे, त्याला स्वतःचं सरकार आहे आणि तिथे न्यूझीलंडचा डॉलर चालतो. म्हणून तुमच्या नाण्यावरचे २ डॉलर म्हणजे न्यूझीलंडचे २ डॉलर. नीयुएच्या नावाने निघणारी ‘स्टार वॉर्स’ची नाणी २०११ पासून न्यूझीलंड मिंट पाडते. नावावरून ही सरकारी टांकसाळ वाटते, पण ती ऑकलंडमधली खासगी कंपनी आहे. तुवालू या दुसऱ्या छोट्या बेटदेशाच्या नावाने पर्थ मिंट नाणी काढते आणि ती मात्र पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. मार्व्हलच्या पात्रांची तुवालूची चांदीची नाणी २०१७ मध्ये स्पायडरमॅनपासून सुरू झाली.

तेव्हा कायद्याने तुमचं नाणं खरंच नाणं आहे: देशाचं नाव आहे, दर्शनी मूल्य आहे, त्या देशाची परवानगी आहे. पण ते बाजारात फिरावं म्हणून पाडलेलंच नाही. एक औंस चांदी २ डॉलरला कोण देईल? दर्शनी मूल्य फक्त त्याला ‘नाणं’ म्हणता यावं यासाठी छापलेलं असतं. त्या आकड्याला खरेदीच्या वेळी काहीही वजन देऊ नका. विक्रेता जाहिरातीत ‘अधिकृत चलन’ हे शब्द ठळक छापत असेल, तर तो तुम्हाला खोटं सांगत नाही, पण उपयोगाचंही काही सांगत नाही.

एक फरक मात्र नीट बघा. दर्शनी मूल्य आणि देशाचं नाव दोन्ही नसेल तर ते पदक, नाणं नव्हे. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने २०२५ मध्ये सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमन यांची मालिका सुरू केली. तिच्यात अर्ध्या औंसाची सोन्याची आहेत ती नाणी आहेत, पण चांदीची आहेत ती पदकं आहेत. टांकसाळ एकच, चित्रं तीच, तरी संग्राहकांच्या वहीत ही दोन वेगळ्या पानांवर जातात. पदक गोळा करण्यात काही कमीपणा नाही. फक्त ते नाणं म्हणून कोणी विकत असेल तर थांबा.

प्रश्न : साधं एक औंसाचं चांदीचं नाणं एका किमतीला आणि त्याच वजनाचं, त्याच शुद्धतेचं सुपरहीरोचं नाणं तिच्या तिप्पट किमतीला. हा वरचा पैसा नेमका कशाचा?

सोनाराकडे आपण जे विचारतो तेच इथे विचारायचं: धातू किती आणि घडणावळ किती? आधी धातू काढा. नाण्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शुद्धता, भागिले ३१.१०३५. एवढे ट्रॉय औंस (म्हणजे सोन्या-चांदीचा औंस, या लेखात सगळीकडे तोच) चांदी त्यात आहे. त्याला त्या दिवसाच्या औंसाच्या भावाने गुणा. विक्री किंमत भागिले हा आकडा म्हणजे तुम्ही धातूच्या किती पट पैसे देताय ते.

हे गणित कागदावर मांडल्याशिवाय खरेदी करू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो, कारण डबा फसवतो. ब्रिटनच्या रॉयल मिंटचं पात्रांच्या चित्राचं चांदीचं प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत घडवलेलं) ५० पेन्स घ्या. वजन ८ ग्रॅम, शुद्धता ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी; गणितात ०.९२५ धरा. म्हणजे शुद्ध चांदी ७.४ ग्रॅम, औंसाच्या पाव हिश्श्याहूनही थोडी कमी. पण त्याचा डबा, प्रमाणपत्र आणि छपाई एक औंसाच्या नाण्याच्या तोडीची असते. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर हातात किती चांदी आली हे डोळ्यांना कळत नाही. जाहिरातीत ‘चांदीचा थर’, ‘चांदीचा मुलामा’ असे शब्द असतील तर आत तांबं, पितळ किंवा निकेल आहे आणि धातूचं मूल्य जवळपास शून्य धरायचं.

आता घडणावळीत काय काय येतं? पात्राचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिचा परवाना. ज्या देशाचं नाव छापलं त्याचा हिस्सा. ठसे घडवणं, आणि नाणं उंच उठावाचं असेल तर तीच चकती दाबाखाली पुन्हापुन्हा ठोकणं. रंगीत छपाई. डबा, छापील आवरण, प्रमाणपत्र. शेवटी वितरक आणि विक्रेता यांचा नफा. यातल्या कारागिरीवर खर्च झालेला पैसा नाण्यात उरतो, बघता येतो. परवान्याचा आणि डब्याचा पैसा पुढच्या गिऱ्हाइकाकडून परत मिळेलच असं नाही.

आमचा ठोकताळा असा: धातूच्या दीड पटीपर्यंत असेल तर चांदी घेतली आणि वर आवडीचं चित्र मिळालं असं समजा. तीन पटींच्या पुढे गेलं की चित्र विकत घेतलं, चांदी बरोबर आली. दोन्ही खरेद्या योग्य असू शकतात. चूक होते ती दुसऱ्या प्रकारची खरेदी करून पहिल्या प्रकारची अपेक्षा धरल्याने. तिप्पट दिलेले असतील तर केवळ धातूच्या जोरावर मुद्दल सुटायला चांदीचा भाव तिप्पट व्हावा लागेल, आणि मोडीचा भाव देताना घेणारा त्यातूनही थोडं कापतो.

प्रश्न : ‘जगभरात फक्त ५,००० नाणी’ असं प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे. इतकी कमी असतील तर भाव वाढणारच ना?

हा प्रश्न सात पत्रांमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संख्या कमी असणं पुरेसं नाही. तिच्यापेक्षा जास्त लोकांना ते नाणं नंतरही हवं असलं पाहिजे. ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स बघा. त्याच्यावर कुठलंही पात्र नाही, एक पगोडा आहे. २,१०,००० नाणी पाडली आणि ती सुट्ट्या पैशांत वाटली गेली. लोकांनी दुकानात खर्च केली, घासली, हरवली. इतर ५० पेन्सच्या मानाने ती कमी होती हे अनेकांच्या पुढे लक्षात आलं आणि दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट भाव चढला. दोन लाख दहा हजार म्हणजे तुमच्या ५,००० च्या बेचाळीस पट! तरी मागणी टिकली, कारण लाखो लोक सुट्ट्या पैशांतून ५० पेन्सचा संच पुरा करत होते आणि सगळ्यांचं अडत होतं ते याच एका नाण्यावर.

तुमच्या नाण्याच्या बाबतीत ५,००० हा आकडा कुणीतरी टेबलाशी बसून ठरवला आहे. आणि ती पाच हजारच्या पाच हजार नाणी कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या मापाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, जपून ठेवलेली असणार. एकही घासलं जाणार नाही, हरवणार नाही. दहा वर्षांनी विकायला काढणाऱ्याकडेही तुमच्याइतकंच नवंकोरं नाणं असेल.

त्यातून तो आकडा कशाचा आहे तेही तपासा. पाच गोष्टी बघाव्या लागतात. ५,००० ही वरची मर्यादा आहे की प्रत्यक्ष पाडलेली संख्या? ती फक्त या वजनाची आहे का? (तेच चित्र अर्धा औंस, दोन औंस, पाच औंस आणि सोन्यातही आलं असेल.) रंगीत, बिनरंगी, सोनेरी मुलाम्याचं, जुनाट झाकेचं अशा बाकीच्या आवृत्त्या तिच्यात धरल्या आहेत का? त्याच पात्राची याआधी किती नाणी निघाली? आणि पुढच्या वर्षी तेच पात्र नव्या पोजमध्ये येणार नाही याची हमी कुणी दिली आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं. लोकप्रिय पात्र टांकसाळ सोडत नाही. क्यू गार्डन्ससुद्धा २०१९ मध्ये नवं साल आणि राणीचं नवं चित्र घालून संग्राहकांसाठी पुन्हा पाडलं गेलं. मूळ २००९ चं साल असलेलं नाणं वेगळं ओळखता येतं म्हणून त्याचं निभावलं.

हा प्रकार आजचा नाही. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटाने २००१ पासून हॅरी पॉटरची ‘क्राउन’ नावाची मोठी नाणी काढली. नीयुएने २००१ मध्ये पोकेमॉनची १ डॉलरची नाणी काढली. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या फ्रँकलिन मिंटने सत्तरच्या दशकात मर्यादित संख्येचे चांदीच्या पदकांचे संच वर्गणीने घरोघर पोचवले. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा त्यांतली कित्येक पदकं सरळ भट्टीत गेली, कारण पदक म्हणून मिळणाऱ्या किमतीपेक्षा चांदीचा भाव जास्त होता. त्यांच्यावरही ‘मर्यादित आवृत्ती’ असंच लिहिलेलं होतं.

भाव कधीच चढत नाहीत असं मात्र नाही. नव्या मालिकेचं पहिलं नाणं बरेचदा चढतं, कारण मालिका चालेल की नाही हे माहीत नसल्याने पहिल्या वेळी कमी लोक घेतात आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला संच पुरा करायला ते लागतंच. २०२० च्या सुमारास आलेल्या मोठ्या डोक्याच्या ‘चिबी’ आकृतीच्या नाण्यांचं असंच झालं. सुरुवातीची नाणी झपाट्याने चढली, मग मालिकेत एकामागून एक पात्रं येत गेली आणि उत्साह ओसरल्यावर भावही उतरले. चढताना घेणारे अडकले. आधी आवडीने घेतलेल्यांना फरक पडला नाही.

प्रश्न : माझे काका चाळीस वर्षं नाणी जमवतात. ते म्हणतात, ‘ह्याला नाणेशास्त्रात जागा नाही.’ आम्हा तरुणांना हे पटत नाही. तुमचं मत काय?

काकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. जुनं नाणं हातात घेतलं की त्याच्या झिजेत, वजनात, टांकसाळीच्या खुणेत त्या काळचा व्यवहार दिसतो. संग्राहकाकडे विकण्यासाठीच पाडलेल्या नाण्यात तो नसतो, आणि पुढेही येणार नाही.

पण मग ती तक्रार सगळ्याच आधुनिक स्मारक नाण्यांना लागू होते, फक्त पात्रांच्या नाण्यांना नव्हे. एखाद्या पुलाच्या शताब्दीचं चांदीचं प्रूफ नाणंही कुणी खर्च केलेलं नसतं. नाणं म्हणून चांगलं घडलंय का, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे आम्ही काकांपेक्षाही कडक आहोत. दहापटीचं भिंग घ्या आणि रंगीत चित्राच्या कडेकडे बघा. छपाईचे बारीक ठिपके दिसतात. आता रंगाखालचा धातू बघा. रंगाखाली उठाव असेल, म्हणजे चेहऱ्याची हाडं, कपड्याच्या चुण्या ठशातच कोरलेल्या असतील आणि रंग त्यांच्यावर बसवला असेल, तर शिल्पकाराने काम केलं आहे. रंगाखाली सपाट चकती असेल आणि सिनेमातला फोटो वर छापलेला असेल, तर ते चांदीवर चिकटवलेलं स्टिकर समजा, कितीही महाग असलं तरी. बाजारात दोन्ही प्रकार एकाच किमतीला दिसतात याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं.

आणखी एक सांगा काकांना. रॉयल मिंटच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या हॅरी पॉटर संचात चार ५० पेन्स होती. पहिल्या दोन नाण्यांवर राणी एलिझाबेथ, पुढच्या दोन नाण्यांवर राजा चार्ल्स. एकाच संचाच्या मध्यात राजवट बदलली. हे काकांच्या वहीत नक्की बसेल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेलं चांदीचं नाणं कॅप्सूलमधून कधीच काढलं नाही, तरी त्यावर दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग आले आहेत. आमच्याकडून काय चुकलं?

तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. यांना दुधी डागच म्हणतात. ९९९ किंवा ९९९.९ शुद्धतेच्या नाण्यांवर ते जास्त दिसतात. ठसा मारण्याआधी कोरी चकती धुतात आणि मऊ व्हावी म्हणून भट्टीत तापवतात. धुण्याच्या रसायनाचा अंश राहून गेला तर तो तापताना पृष्ठभागात पक्का बसतो, असं याचं सर्वसाधारणपणे मानलं जाणारं कारण आहे. नाणं टांकसाळीतून निघतं तेव्हा डाग दिसत नाही, काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी वर येतो. तिरप्या उजेडात बघितलं तर कडा स्पष्ट असलेला, खडूसारखा निस्तेज ठिपका दिसतो. काळवंडल्याचा डाग पिवळट सुरू होतो, हा पहिल्यापासून पांढरा असतो. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ मध्ये आपल्या चांदीच्या गुंतवणुकीच्या नाण्यांसाठी यावर खास प्रक्रिया आणली, यावरून तक्रार किती व्यापक आहे ते समजा.

उपाय? खरं सांगायचं तर घरगुती नाही. अ‍ॅसिटोनने जात नाही, साबणाने जात नाही. खोडरबर, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी डाग फिका होतो आणि प्रूफ नाण्याचा आरसा कायमचा जातो. डागाचं नाणं कमी किमतीला तरी विकलं जातं, घासलेलं फक्त मोडीत जातं. आमचा सल्ला: तसंच राहू द्या. नवीन नाणं आलं की त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे परत करण्याच्या मुदतीत डाग उमटलाच तर दाखवायला पुरावा राहील.

प्रश्न : रंगीत नाणं कडेने काळपट दिसू लागलंय. चांदी साफ करायच्या द्रावणात बुडवू का?

नको, अजिबात नको. ते द्रावण चांदीचा वरचा पातळ थरच विरघळवतं. बिनरंगी प्रूफ नाण्यावरही उठावाची मंद पांढरट झाक त्याने मरते. रंगीत नाण्यात ते रंगाच्या कडेखाली शिरतं, तिथून धुऊन निघत नाही आणि काही दिवसांनी रंग कडेपासून उचलायला लागतो. नाणी जमवणारे चिकटपणा काढायला शुद्ध अ‍ॅसिटोन वापरतात आणि उघड्या धातूला त्याने इजा होत नाही हे खरं आहे, पण छपाईची शाई ते सरळ सोडवतं. सुपरहीरोचा अर्धा चेहरा कापसावर येईल. जुनाट झाकेचं नाणं असेल तर त्याचा काळेपणा टांकसाळीने मुद्दाम दिलेला असतो, तोही पुसू नका.

काळपटपणा येतो तो हवेतल्या गंधकामुळे. कॅप्सूल हवाबंद नसते, आणि गंधक बहुतेक वेळा घरातच असतं: रबरबँड, लोकर, काही पुठ्ठे, काही फोम. महागड्या नाण्यासोबत आलेला मखमली किंवा लाकडी डबाच कधीकधी गुन्हेगार निघतो. म्हणून नाणं डब्यात ठेवू नका. कॅप्सूलसकट बाहेर काढा, पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात गंधक शोषणारी पट्टी आणि सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि पट्टी त्यावर लिहिलेल्या मुदतीने बदला. मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यांच्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो. मूळ डबा आणि प्रमाणपत्र वेगळ्या ठिकाणी, कोरडं ठेवा. विकताना दोन्ही लागतील.

प्रश्न : ‘७० ग्रेड’ मिळालेलं नाणं साध्या नाण्याच्या दुप्पट भावाला मिळतंय. घ्यावं का?

ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० मध्ये दिलेले गुण. ७० म्हणजे पाचपटीच्या भिंगाखाली टांकसाळीनंतरचा एकही दोष नाही. हा मापदंड १९४९ च्या शेल्डन पद्धतीवरून आला आणि १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्थांनी नाणं तपासून प्लास्टिकच्या बंद पेटीत घालून द्यायला सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ६५ वरून ६६ ला गेलं तर त्याला अर्थ असतो, कारण तशी फार थोडी उरलेली असतात. आजचं प्रूफ नाणं यंत्रातून थेट कॅप्सूलमध्ये जातं. त्यातली बहुतेक ६९ किंवा ७० असणारच. दोन्ही संस्था त्यांनी कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली याचे आकडे जाहीर करतात. ते बघा. तुमच्या नाण्याची ७० ग्रेडची संख्या हजारात असेल तर दुप्पट भाव देऊ नका.

पेटीवरची ‘पहिल्या दिवसांतली’ अशा अर्थाची रंगीत पट्टी म्हणजे नाणं विक्रीला आल्यापासून ठरावीक मुदतीत, साधारण ३० दिवसांत, संस्थेकडे पोचलं, एवढंच. ते ठशातून आधी निघालं असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय दुधी डाग पेटीतही येतो, तेव्हा पट्टीवर ७० तसंच राहतं आणि नाणं मात्र बिघडतं.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे माझ्या नाण्याचीच काळ्या रुथेनियम धातूच्या आणि सोनेरी मुलाम्याची ‘विशेष आवृत्ती’ आहे. टांकसाळीच्या संकेतस्थळावर ती दिसत नाही.

मग ती टांकसाळीने काढलेली नाही. काही कंपन्या साधी नाणी विकत घेतात, त्यांना मुलामा किंवा रंग देतात, स्वतःचं प्रमाणपत्र छापतात आणि कमी संख्या जाहीर करतात. प्रमाणपत्रावर टांकसाळीचं नाव आहे की या कंपनीचं, हे वाचलं की उलगडा होतो. नाणं खरं असतं, पण संग्राहकाच्या दृष्टीने ते छेडछाड केलेलं नाणं आहे, आणि विकताना धातूच्या भावापलीकडे काही मिळणं कठीण.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेलं नाणं खरं चांदीचं आहे का, ते घरी कसं तपासायचं?

कॅप्सूल उघडायला लागू नये अशा क्रमाने जा. आधी टांकसाळीने जाहीर केलेलं वजन, व्यास, शुद्धता आणि कडेचा प्रकार लिहून घ्या. मग जोरदार चुंबक कॅप्सूलवरून फिरवा. ओढ जाणवली तर आत लोखंड किंवा निकेलसारखा चुंबकाला चिकटणारा धातू आहे, पुढची तपासणी नको. ओढ नसेल तरी काही सिद्ध होत नाही, कारण तांबं आणि पितळही चुंबकाला चिकटत नाहीत.

मग सुती हातमोजे घालून नाणं कडेनेच धरा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. एक औंसाचं नाणं ३१.१ ग्रॅम किंवा किंचित जास्त भरलं पाहिजे. वजन बरोबर आलं तर जाडी मोजा, कारण नकली बनवणारा वजन जुळवतो आणि जाडीत अडकतो. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. ४० मि.मी. व्यासाच्या नाण्यात एक औंस चांदीची सरासरी जाडी सुमारे २.४ मि.मी. येते. तेवढंच वजन तांब्यात बसवायचं तर ती २.८ च्या जवळ जाते. जाडी तशीच ठेवली तर वजन साडेसव्वीस ग्रॅमवर येतं. कड थोडी उंच असते, म्हणून टांकसाळीच्या आकड्याशीच ताडून बघा, आणि जाडी मोजायच्या कॅलिपरचे जबडे प्रूफ नाण्याच्या पृष्ठभागावर दाबू नका.

पाण्यात टांगून घनता काढायची पद्धत साध्या, बिनरंगी नाण्यासाठी ठीक आहे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. एक औंस चांदीला काटा सुमारे २.९६ दाखवेल, तांब्याला ३.४७. प्रूफ आणि रंगीत नाण्यावर हा प्रयोग करू नका. पाणी सुकताना डाग पाडतं.

प्रश्न : संग्रहातली पंधरा-वीस नाणी विकायची आहेत. योग्य भाव कसा ठरवू?

विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघू नका, व्यवहार पूर्ण झालेल्या किमती बघा. लिलावाच्या बहुतेक संकेतस्थळांवर तशी गाळणी असते. त्याच सालातलं, त्याच वजनाचं, त्याच आवृत्तीचं नाणं गेल्या तीन महिन्यांत कितीला गेलं ते लिहून काढा, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा वगळा. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, विमा आणि टपाल वजा करा. परदेशी पाठवणार असाल तर घेणाऱ्याला पडणारं आयात शुल्क त्याच्या डोक्यात असणारच.

मग प्रत्येक नाण्यासमोर आजचं धातूचं मूल्य लिहा. दोन आकडे जवळजवळ आले त्या नाण्यांसाठी वेळ घालवू नका, ती चांदी म्हणून एकगठ्ठा द्या. फरक मोठा आहे ती एकेक करून, डबा आणि प्रमाणपत्रासकट विका. प्रमाणपत्रावर क्रमांक असेल तर तो त्याच नाण्याचा आहे ना हे आधी तपासा. संग्रहात प्रमाणपत्रांची हमखास अदलाबदल होते. एका मालिकेचा संच पूर्ण असेल तर फोडू नका, आणि नव्या सिनेमाच्या प्रदर्शनाच्या आधीचे आठवडे त्या पात्रासाठी बरे असतात.

प्रश्न : मुलीला हॅरी पॉटरचं वेड आहे, वय नऊ. तिला नाणी जमवायची आहेत. कुठलं घ्यावं?

चांदीचं नको. रॉयल मिंट तीच चित्रं साध्या धातूच्या ५० पेन्समध्येही काढते. ठसा चांदीच्या नाण्याइतकाच नीट बघता येतो, किंमत फार कमी असते आणि हातातून पडलं तर रडायची वेळ येत नाही. बिनरंगी घ्या. सोबत पाचपटीचं छोटं भिंग द्या आणि नाणं कडेने धरायला शिकवा. व्यास २७.३ मि.मी. आहे, म्हणजे कॅप्सूल त्या मापाचीच घ्या, फोमचं कडं घालून मोठी बसवू नका. सात बाजूंचं नाणं गोल कॅप्सूलमध्ये थोडं हलतं, ते चालतं.